दुभाष्याशिवाय

(चौकशी समितीच्या बैठकीच्या खोलीबाहेरचा पॅसेज. बहीण चाकाच्या खुर्चीत. तिची जीभ जड आहे. एकेक शब्द सावकाश येतो.)

अध्यक्षबाई : ...तसं नाही हो. चौकशी तुमच्याच प्रकरणाची आहे, म्हणूनच तुम्हाला आत बसवायला आमचं मन धजत नाही. फोटो दाखवतात, डॉक्टर जखमांचं वर्णन करतात. उगाच त्रास होईल तुम्हाला.

बहीण : जखमा... माझ्याच पाठीवर होत्या.

अध्यक्षबाई : ते खरंच. पण आमची एक पद्धत आहे. घरात कुणा परावलंबी माणसाची आबाळ झाली, जिवावर बेतलं, की आम्ही डॉक्टर, पोलीस, शेजारी, सगळ्यांना बोलावतो. कुणाचं कुठे चुकलं ते बघतो. आणि ज्याच्या बाबतीत घडलं, त्याच्या वतीने घरचं कुणीतरी बोलतं.

बहीण : माझ्या वतीने... कोण?

अध्यक्षबाई : तुमचे भाऊ.

बहीण : ज्याने मला कोंडलं... तो?

अध्यक्षबाई : इलाज नव्हता हो. तुमचं बोलणं फक्त त्यांनाच कळतं, असं त्यांनी कळवलं होतं.

बहीण : बाई.

अध्यक्षबाई : बोला.

बहीण : मघापासून तुम्ही माझ्याशी... कुणामार्फत बोलताय?

अध्यक्षबाई : ...कुणामार्फत नाही.

बहीण : मग?

अध्यक्षबाई : मग आमचंच चुकलं. एकदा तुम्हाला येऊन भेटायला हवं होतं. कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

बहीण : आत किती डोकी आहेत?

अध्यक्षबाई : सात. माझं धरून.

बहीण : बरीच आहेत.

भाऊ : आलो, आलो. माफ करा हं, बस चुकली. अगं चिमे, तू इथे? तुला कुणी आणलं?

बहीण : मी आले. आणि चिमे... म्हणू नकोस. पन्नाशी उलटली.

भाऊ : ती म्हणतेय, आता राहते त्या वसतिगृहातल्या बायांनी आणलं.

अध्यक्षबाई : त्या ‘मी आले’ म्हणाल्या.

भाऊ : तेच ते. तिला पूर्ण सांगता येत नाही, मी आपला जोडून देतो. लहानपणापासूनची सवय. पाठुंगळीला मारून शाळेत न्यायचो हिला. बाईंनी प्रश्न विचारला की हिचं ‘अं अं’ चालायचं, शेवटी उत्तर मीच द्यायचो.

बहीण : उत्तर... मला येत असायचं.

भाऊ : म्हणतेय, दादाने फार केलं.

अध्यक्षबाई : असं काही म्हणाल्या नाहीत त्या.

भाऊ : बाई, तुमची हिची ओळख आजची. मी हिला जन्मापासून बघतोय. आई गेल्यावर कोण आलं हिचं करायला? नोकरी सांभाळून हिचं जेवणखाण, हिची आंघोळ. बायको कंटाळून निघून गेली. कुलूप लावायचो ते ही पडू नये, भाजून घेऊ नये म्हणून. सांग ना, तुझ्या भल्यासाठीच ना?

बहीण : नाही.

भाऊ : तिला काय म्हणायचंय—

अध्यक्षबाई : नाही म्हणायचंय. एवढं मलाही कळतं.

बहीण : आधी कामावर जाताना लावायचास. मग... रात्रीही येईनासा झालास. पाणी संपलं. मी भिंतीवर... ताटली आपटत राहिले. शेजारीण—

भाऊ : ती शेजारीण म्हणजे एक नंबरची भोचक. तिनेच पोलिसांचे कान—

बहीण : थांब. माझं... बोलून व्हायचंय.

भाऊ : बोल बाई, बोल.

बहीण : शेजारणीने कुलूप फोडलं. तेव्हा माझी पाठ... चादरीला चिकटलेली होती. चादर काढली... तेव्हा मी ओरडले. ते ओरडणं सगळ्यांना कळलं. तेव्हा... कुणी लागलं नाही समजावून सांगायला.

अध्यक्षबाई : हे सगळं आत सांगाल?

बहीण : त्यासाठीच आले.

भाऊ : अगं, चारचौघांत माझी अब्रू काढणार? मी तुझा सख्खा भाऊ ना?

बहीण : आहेसच. पाठुंगळीचंही सांगेन. तेही... खरं आहे.

अध्यक्षबाई : फक्त एक अडचण आहे. बैठक तासाभराचीच ठेवलीय. तुमचं तेवढ्यात व्हायचं नाही.

बहीण : मग मोठी ठेवा. मला... घाई नाही.

अध्यक्षबाई : ठेवते. कुणाला जायचं असेल त्याने जावं. यांना बाहेर थांबवू का?

बहीण : नको. ऐकू दे त्याला.

भाऊ : आणि माझी बाजू? मी दमलो होतो गं. घरी यायला पाय उचलायचे नाहीत. माझी बाजू कोण मांडणार तिथे?

बहीण : तूच मांड, दादा. मी... मध्ये बोलणार नाही.