पत्र्याला चिकटणारं चुंबक

पंक्चर निघेपर्यंत मास्तर गॅरेजच्या बाकावर पेपर वाचत होते. समोर एक जोडपं आपली जुनी गाडी विकत होतं आणि घेणारा तरुण फ्रिजवरचं चुंबक पत्र्यावर लावत फिरत होता. मास्तरांनी पान उलटायचं सोडून दिलं.

“कंपनीचाच रंग आहे, डोळे झाकून घे.”

“आईला घेऊन फिरायचंय, काका, म्हणून तपासतो. या दारावर चुंबक चिकटत नाही. आत पुट्टी भरलीय.”

“अहो, ते माझ्याकडून झालं. फाटकाला घासली होती.”

“आणि मला पत्ता नाही?”

“तुम्ही महिनाभर डोकं खाल्लं असतं.”

“काका, डिकीवरूनही पडतंय.”

“ते मी नाही हं!”

“खांब... अचानक मागे आला.”

“चालत आला?”

“जाऊ द्या काका, मी दुसरी बघतो.”

“थांब रे बाळा. पुढचा बंपरही बदललाय.”

“अगं, तो प्लास्टिकचा! तिथे चुंबक लागतच नाही. त्याला कळलंही नसतं!”

“म्हणून तर सांगितलं.”

“काकू, शेजारी बसता? एक चक्कर मारून येऊ. आणखी काय काय झालंय, ते वाटेत सांगा.”