दारातलं शिंजुकू स्टेशन

यार, शॉमबर्गला राहणाऱ्या दिलीपकाकांना जपानबद्दल काहीही विचारा, पण निघताना विचारू नका! मी विचारलं. त्यांच्याकडे जेवण झालं होतं, आम्ही सगळे दारातल्या बुटांच्या ढिगापाशी उभे होतो, आणि मी आपलं उगाच म्हटलं, "काका, टोकियो कसं वाटलं?"

"टोकियो सोड, शिंजुकू स्टेशन ऐक!" म्हणत काकांनी खाली बसकण मारली आणि ढिगातलेच बूट मांडायला घेतले. "हा नातीचा सँडल म्हणजे मूळ स्टेशन, एवढंसं. मग एकेका रेल्वे कंपनीनं शेजारी आपापली लाइन आणली." बायकोच्या चपलांचा भुयारी रस्ता झाला. काकांचा डावा बूट पूर्वेची एक्झिट, माझा डावा पश्चिमेची.

"काका, बेबीसिटर थांबलीय," बायको म्हणाली.

"चपलेला हात लावू नकोस, अजून मेट्रो यायचीय!"

शेवटी काकू आतून ओरडल्या, "अहो, आपल्याला बाहेरचा रस्ताच सापडला नाही, तेही सांगा! दुपारभर आत फिरलो आणि आलो त्याच लाइननं हॉटेलवर परत!"

सगळे हसत सुटले. तेवढ्यात आम्ही हाताला लागेल ते पायात घालून पळालो. घरी येऊन बघतो तर माझ्या डाव्या पायात काकांचा बूट. लगेच फोन केला, "काका, तुमची पूर्वेची एक्झिट माझ्याकडे आलीय."

"बघ! मी दोनच एक्झिट मांडल्या होत्या, तरी चुकलास," काका खूश होऊन म्हणाले. "आता हेच तुझ्या काकूला सांग. तिथं दोनशे आहेत!"