दीड लिहिलंय कसं?

मावशी : थांब. हे दीड लिहिलंय कसं?

भाची : दीड म्हणजे दीड गं मावशी. जुन्या ड्रॉइंगवर झाकणाच्या कडेला आहे, दीड इंच.

मावशी : माझे डोळे अधू झालेत, कान नाही. आकडा जसा आहे तसा वाच.

भाची : एक पूर्णांक एक छेद दोन.

मावशी : आणि मघाचं? दांडा फिरतो त्या भोकाचं दीड?

भाची : एक, टिंब, पाच, शून्य, शून्य. अय्या! एकाच कागदावर दोन तऱ्हा?

मावशी : तुझ्या कॉम्प्युटरनं काय केलं त्यांचं?

भाची : दोन्हीकडे अडतीस पूर्णांक एक शून्य मिलिमीटर. चुकलं का?

मावशी : गुणाकार बरोबर आहे. कारागीर काय म्हणाला?

भाची : मी मिलिमीटरमध्ये काढलेलं ड्रॉइंग दुसऱ्यांदा परत पाठवलं. म्हणे, ‘बाई, सगळीच मापं इतकी नेमकी? पंपाचं झाकण करायचंय की मनगटी घड्याळ?’ आता पुन्हा परत आलं, तर साहेब काम काढून घेणार. माझं पहिलंच काम गं!

मावशी : रडू नकोस, आधी सांग. खिडकीचा पडदा बोटभर लांब झाला तर?

भाची : चालतो की.

मावशी : आणि कुलपाची किल्ली केसभर जाड झाली तर?

भाची : छे, शिरणारच नाही.

मावशी : मग? पडद्याचं दीड कसं लिहिशील?

भाची : ...छेद देऊन. आणि किल्लीचं टिंब देऊन! म्हणजे नेमकं कुठे हवं, ते जुनं ड्रॉइंग काढणाऱ्यानं सांगून ठेवलं होतं. मीच पुसून टाकलं.

मावशी : काय माणूस असेल गं! एक अक्षर न लिहिता कारागिराच्या कानात बोलून गेला.

भाची : आणि तू कागद न बघता ओळखलंस.

मावशी : पुरे, लोणी नको लावूस. कडेचं दीड?

भाची : नुसतं अडतीस.

मावशी : भोकाचं?

भाची : अडतीस पूर्णांक एक शून्य. शून्यासकट. आणि कोपऱ्याची गोलाई, एक छेद आठ? कॉम्प्युटर म्हणतो तीन पूर्णांक एक आठ.

मावशी : तू काय म्हणतेस?

भाची : तिथे काही बसतं का गं?

मावशी : मला काय विचारतेस? कागद तुझ्या हातात आहे.

भाची : नाही बसत. हाताला टोचू नये, एवढ्यासाठीच आहे. तीन!

(दोन दिवसांनी, फोनवर.)

कारागीर : एकेचाळीस मापांत चारच नेमकी ठेवलीत तुम्ही.

भाची : हो. का, काही राहिलं का?

कारागीर : राहिलं कसलं! आता कळलं, जीव कुठे लावायचा ते. आजच मशीनवर चढवतो.

भाची : मावशी, ऐकलंस? घेतलं त्यांनी!

मावशी : ऐकलं. माझं पहिलं ड्रॉइंग पाचदा परत आलं होतं.