उल्हासराव गरम पाण्यात

...आणि वर बायकोनं म्हणायचं काय, तर ‘अहो, पाऊस असतो म्हणूनच तर जूनमध्ये गर्दी नसते!’ आता ह्याला काय उत्तर आहे, तुम्हीच सांगा! वाळवंटातसुद्धा ऑगस्टमध्ये भर दुपारी गर्दी नसते, म्हणून काय तिथे सतरंजी टाकून बसायचं? पण हे उल्हासराव मनातल्या मनात म्हणत होते, कारण तोंड उघडलं की पाणी आत जात होतं. जपानात, क्युशू नावाच्या बेटावर, डोंगरात, चढावर, भाड्याच्या सायकलवर, अंगात घोळदार पिवळा रेनकोट, आणि पुढच्या वळणावरून त्यांची बायको, आपल्या कुंदाताई, मागे वळून ओरडतायत, ‘यल्ला, यल्ला! चला लवकर! एवढा चढ संपला की उतारच आहे!’

आणि पाऊस? चालूच!

तुम्हाला सांगतो, हा माणूस अबुधाबीत सेफ्टी मॅनेजर. इमारतींच्या साइटवर लोकांना हेल्मेट घालायला लावणं, ‘सावधान’च्या पाट्या लावणं, हेच काम. अल रीम आयलंडवरच्या घरात बल्ब बदलायचा तरी एकानं स्टूल धरायचं, दुसऱ्यानं मेन स्विचपाशी उभं राहायचं. असा माणूस ईदच्या सुट्टीत निसरड्या घाटात पोचतोच कसा?

तर कुंदाताईंमुळे! आदल्या वर्षी त्यांना स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, डावी बाजू काढावी लागली, मग कीमो, मग केस गेले, मग केस आले... आणि आले ते चक्क कुरळे! जन्मभर सरळ केसांची बाई! डॉक्टर म्हणाले, आता खलास, म्हणजे आजार संपला, सगळं ठीक, तपासणीला येत राहा. ठीक तर ठीक. पण हसणं काही परत येईना हो! नाहीतर पूर्वी कुंदाताई हसल्या की आधी नाकातून फुर्र व्हायचं, मग खांदे हलायचे, मग शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवायचे. आता नुसतं ओठांनी हसायच्या, फोटोत हसतात तसं. कपडे बदलायला बाथरूममध्ये जायच्या, आतून कडी. उल्हासरावांना फार वाटायचं काहीतरी बोलावं. पण काय बोलणार? जगातल्या सगळ्या धोक्यांसाठी ह्यांच्याकडे पाटी तयार, नेमकी इथेच नव्हती.

आणि एक दिवस आमटी वाढता वाढता कुंदाताई म्हणाल्या, ‘मला जपानला जायचंय. सायकलवरून फिरायचंय. ते गरम पाण्याचे झरे आहेत ना, त्या भागात.’

‘अगं कुंदा, पण तिथे आंघोळीला सगळे एकत्र... म्हणजे अंगावर काही...’

‘मी आंघोळ करणारच नाहीये. नुसते पाय बुडवीन. रस्त्याकडेला सोय असते तशी.’

उल्हासरावांनी रात्रभर बसून एक्सेलमध्ये रिस्क असेसमेंट केली. घसरडे रस्ते, लाल. ओले बूट, लाल. इन्फेक्शन, गडद लाल. आणि पाठवली कुणाला, तर मुलीला, अस्मीला, युनिव्हर्सिटीत! वाटलं, पोरगी आईला समजावेल. पोरीचा उलट फोन, ‘बाबा, शी डिड कीमो. शी कॅन डू रेन.’

खलास! तिकिटं!

बरं, इथे अबुधाबीत आपण पावसासाठी किती तरसतो! दोन थेंब पडले की सगळे गाड्या काढून बघायला जातात, घरोघरी कांदाभजी. उल्हासरावही त्यातलेच. पण तो पाऊस येऊन जातो हो! हा येतो आणि राहतो! पहिल्या दिवशी मोजे भिजले. दुसऱ्या दिवशी सुके मोजे भिजले. मुक्कामी बूट हेअर ड्रायरनं वाळवायचे, तर ती हॉटेलवाली बाई दारात उभी, कमरेत वाकून ‘हाय, हाय!’ उल्हासरावांना वाटलं, बाई हळहळतेय. तर म्हणे जपानीत ते ‘हो, हो’! रस्त्याकडेच्या गटारातून वाफा निघतायत, बांबू वाकून वाकून हँडलला टेकतायत, ढग खाली उतरून भातशेतात बसलेत... दिसायला सुंदर, नाही कोण म्हणतं? पण चष्म्याला वायपर नको का?

आणि पाऊस? चालूच!

तिसऱ्या दिवशी घाटमाथ्यावर कुंदाताईंची चेन पडली. उल्हासरावांनी बसवली, पुन्हा पडली. वारा सुटला. चेन बसेपर्यंत दोघं गारठून गेले. खाली गावात पोचले तेव्हा कुंदाताईंचे ओठ निळे आणि दातावर दात वाजतायत. तरी म्हणतायत, ‘का-का-काही नाही झालं.’ हॉटेल अजून दोन डोंगर पलीकडे! गावात होतं काय, तर एक दुकान, ते बंद, आणि एक लाकडी स्नानगृह. दाराला दोन पडदे, बायकांचा लाल, पुरुषांचा निळा. पायाचं कुंड? नाही! आत जायचं तर पूर्ण जायचं.

कुंदाताई लाल पडद्यासमोर थांबल्या. हात छातीशी घट्ट.

‘कुंदा, नको असेल तर... मी टॅक्सी बघतो. काहीतरी करतो.’

आणि आतून एक म्हातारी आली, एवढीशी, वाळल्या खारकेसारखी. तिनं कुंदाताईंचे हात धरले, गार लागले तशी ‘आ रा रा रा!’ म्हणाली आणि ओढलं त्यांना आत! पडदा बंद! सेफ्टी मॅनेजर बाहेर!

आता उल्हासरावांनाही निळ्या पडद्यामागे जाणं भाग होतं. गेले. आत दोन आजोबा, जन्माला आल्यासारखे. ह्यांनी काय केलं, जांभळी स्विमिंग चड्डी घालून पाण्यात पाय घातला. एक आजोबा ओरडले, ‘दामे, दामे!’ चड्डी नाही चालणार! बरं, काढली. पुन्हा पाय घातला, पुन्हा ‘दामे!’ आधी स्टुलावर बसून साबण लावायचा! रुमाल म्हणून जो दिला होता तो केवढा, तर पापडाएवढा! तुम्हीच सांगा, पोट झाकायचं की... जाऊ दे.

शेवटी बसले पाण्यात. हाडापर्यंत ऊब गेली. पण जीव सगळा भिंतीकडे! लाकडी भिंत, वरून मोकळी, आणि पलीकडे कुंदा. काहीच ऐकू येईना. नुसतं पाणी. रडत असेल का? तशीच उभी असेल का, कपड्यांनिशी? शेवटी राहवेना, ओरडले, ‘कुंदाऽऽ!’ आजोबा दचकले, एकाच्या डोक्यावरचा रुमाल पाण्यात पडला.

उल्हासरावांनी भिंतीला कान लावला.

आणि मग, तुम्हाला सांगतो, भिंतीपलीकडून आलं... फुर्र! आधी नाकातून, मग गळ्यातून, मग मोठ्ठं हसणं, आणि त्याच्या मागोमाग त्या म्हातारीचं खर्रखर्र हसणं.

‘अहो, ऐकताय का?’ कुंदाताईंचा आवाज. ‘अहो, ह्या आजींचंही सेम आहे! त्यांची उजवी बाजू! मी पंचा धरून बसले होते, तर त्यांनी आपला पंचा काढून दाखवलं मला, आणि म्हणाल्या... काय म्हणाल्या ते कळलं नाही हो, पण आता माझी पाठ चोळतायत! आणि म्हणे दोघींची मिळून एक जोडी पूर्ण होते! म्हणजे खुणा करून म्हणतायत!’

पुन्हा फुर्र.

उल्हासरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ते बघून आजोबांना वाटलं, बिचाऱ्याला पाणी फार कढत लागतंय! म्हणून त्यांनी उठून गार पाण्याचा नळ सोडला, थेट ह्यांच्या पाठीवर! आणि उल्हासराव हात जोडून म्हणतायत, ‘थँक्यू, थँक्यू,’ आणि रडतायत, आणि आजोबा नळ आणखी मोठा करतायत!

बाहेर आले तर कुंदाताई लालबुंद, कुरळे केस ताठ उभे. ‘उद्या पुन्हा कुठेतरी जाऊ या ना, अहो. आंघोळीला.’ आणि बसल्या सायकलवर.

आणि पाऊस? चालूच! पण त्या दिवशी उल्हासरावांनी रेनकोटची टोपी मागे टाकली ती टाकलीच.

आता पुढच्या महिन्यात तपासणी आहे. होईल चांगलं, इन्शाल्ला. पण गोष्ट इथे संपत नाही, कारण कुंदाताईंनी परत आल्यावर बिल्डिंगमधल्या बायकांना बोलावून हे सगळं सांगितलं, अगदी नक्कल करून! पुढच्या जूनमध्ये सगळ्या जणी निघाल्यात, नवऱ्यांना घेऊन! सराव म्हणून सगळे नवरे पहाटे समुद्राकाठी सायकली मारतायत, ह्या दमट हवेत, घामानं निथळत! लिफ्टमध्ये उल्हासरावांशी कुणी बोलत नाही. परवा खालच्या मजल्यावरचा सुजीत न राहवून म्हणाला, ‘काका, जपानचं नाव निघालं तेव्हा गप्प बसायचं ना तुम्ही!’

उल्हासराव म्हणाले, ‘अरे हबीबी, कुंदाचं हसणं गेलं तेव्हा गप्पच बसलो होतो. म्हणून तर जावं लागलं!’