भंडारा कपाळाला, पोर पिवळ्या गाडीला

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. दत्तोबा, पखवाजावरचा हातही थांबवा. आज मला ताल नको, उत्तर हवंय. सकाळपासनं एक प्रश्न पायात काट्यासारखा सलतोय. बघा ना, एका जागी उभं राहवत नाही! प्रश्न असा — जे आपण सगळ्या गावासाठी चांगलं म्हणतो, ते आपल्याच लेकराला का चालत नाही?

मागं कोण हसलं? हसा, हसा! शेवटपर्यंत हसलात तर नारळ तुम्हाला.

वाघदरा नावाचं गाव. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला डांबरी सडक. मधे जिल्हा परिषदेची शाळा — दोन खोल्या, एक लिंब, आणि सुरवसे बाई. एके दिवशी वरनं निरोप आला : पोरं फार कमी झालीत, यंदा पट वाढला नाही तर शाळा बंद. उरलेल्यांनी ओढ्यापलीकडच्या शाळेत जावं.

तुम्ही म्हणाल, “महाराज, शाळांना काय तोटा?” खरंच नाही! सडकेवर रोज इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते. तालुक्याला मुलींची निवासी शाळा आहे, पण ती सहावीपासनं. पाचवीत परीक्षा काढली तर नवोदय आहे. पण मंडळी, वरच्या पायऱ्या कितीही असोत, पहिली पायरीच काढून नेली तर चढायचं कसं?

आणि त्या गावात लंकाची कार्तिकी होती. वय सहा. एक पाय जन्मापासनं वाकडा. पोरगी चालायची, पण भिंतीला धरून. तिला ओढा ओलांडवत नव्हता. लंका तिला कडेवर घेऊन इंग्रजी शाळेतही जाऊन आली. तिथले साहेब म्हणाले, “ताई, आमचे वर्ग वरच्या मजल्यावर आहेत. तुम्हीच बघा.” लंकानं जिना बघितला आणि परत फिरली. आता सांगा, गावातली शाळा गेली तर कार्तिकीनं शिकायचं कुठं? देवळाच्या ओट्यावर, माझं कीर्तन ऐकून? अहो, ते ऐकून तुम्ही तरी कुठं शहाणे झालात!

सुरवसे बाई दारोदार फिरल्या. “पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण, गणित इंग्रजीतनं शिकवते, शिष्यवृत्तीचा जादा तास घेते...” बाया म्हणायच्या, “सगळं खरं हो बाई. पण टाय नाही ना!”

टाय! गळ्याला फास लावला की इंग्रजी घशातनं आपोआप बाहेर पडतं जणू! मला अक्षरओळख झाली तीच मुळी केस पिकल्यावर, नातवाच्या पाटीवर. गळ्यात उपरणं होतं. काही अडलं नाही बघा.

शेवटी हौसेराव आबा उठले. शाळा समितीत त्यांचा शब्द मोठा. सगळ्या गावाला खंडोबाच्या देवळात जमवलं. म्हणाले, “शाळा ही गावाची आई आहे! उचला बेलभंडारा!” आणि मंडळी, एकेकानं पुढं होऊन बेलाचं पान उचललं, भंडारा कपाळाला लावला, शपथ घेतली — आमचं पोर गावच्याच शाळेत घालू! सगळं देऊळ पिवळं धमक झालं. लंकाला रडू आवरेना.

पण घरी जाताना प्रत्येकाच्या मनात काय? “एवढ्या लोकांनी भंडारा उचललाय. सगळे घालतीलच पोरं. मग माझ्या एकट्याच्यानं काय अडतंय?”

झालं! साऱ्या गावानं शपथ घेतली, ती शेजाऱ्याच्या पोराची!

शाळा उघडायचा दिवस आला. बैलगाडी सजवली — झेंडूच्या माळा, बैलांना घुंगरं, पुढं हलगी. नव्या पोरांची मिरवणूक काढायची गावची रीत. गाडीत पहिली बसली कार्तिकी. पुढच्या दाराशी हाक मारली, तर, “बाळ्या मामाकडं गेलाय.” त्याच्या पुढं, “पिंकीला ताप आहे.” कसला ताप? पिंकी मागच्या दारानं कधीच पसार! गल्ली संपली, आळी संपली. गाडीत एकटी कार्तिकी. हलगीवाल्याचा हातही सैल पडत गेला.

गाडी वेशीशी आली आणि समोर बघतात तर काय — बाभळीच्या आड पिवळी गाडी उभी! मामाकडं गेलेला बाळ्या त्यात. तापलेली पिंकी त्यात. आणि खिडकीत टाय लावून कोण? हौसेराव आबांचा नातू, शौर्य! खाली त्याची आई, सिंधू, डबा देत उभी.

पोराला कुठलं आलंय राजकारण! तो ओरडला, “कार्ते! कुणाची गं गाडी?”

“माझी! येतोस?”

“आई नको म्हणती. तुमची शाळा बंद होणाराय.”

कार्तिकी म्हणाली, “मग मी कुठं जाऊ?”

बस्स. एवढंच. भांडण नाही, रडणं नाही. खरंच विचारत होती पोरगी.

सिंधूच्या हातातला डबा हातातच राहिला. ती मिरवणुकीबरोबर आलेल्या सासऱ्यांकडं वळली. “आबा, तुम्ही भंडारा कुणाच्या पोरासाठी उचलला होता?”

“सूनबाई, चारचौघांत नको.”

“उचलला चारचौघांतच होता ना?”

गाडीवाल्यानं हॉर्न दिला. “ताई, उशीर होतोय!” सिंधूनं पोराला खाली उतरवलं, त्याच्या गळ्यातला टाय काढला आणि बांधला कुठं? बैलाच्या शिंगाला! पोरगं खिदळत चाकावरनं चढून कार्तिकीशेजारी बसलं. ते बघून पिंकीनं गाडीतच भोकाड पसरलं. तिची आई आली पदर खोचून. मग आणखी काही उतरली.

सगळी? नाही, मंडळी. खोटं कशाला सांगू? बाळ्या गेला. बरीच गेली. शाळा त्या वर्षापुरती तगली. पुढच्या वर्षी पुन्हा तीच बैलगाडी, तीच वेस, पुन्हा तोच हॉर्न.

आणि म्हणून माझा पाय ठरत नाही! उद्या तुमच्याही गावात शाळा उघडते. येताना देवळाबाहेर सजवलेली गाडी बघितली मी. सडकेच्या वळणावरचं बाभळीचं झाडही बघितलं. चांगलं दाट आहे हो, गाडी लपेल एवढं!

आता आरती होईल. भंडारा घ्यायला पुढं याल. नुसता कपाळाला लावायचा असेल, तर हात मागं घ्या. खंडोबाला हळदीचा तोटा नाही. आणि उत्तर मला देऊ नका. सकाळी घुंगरं तुमच्या दारात थांबतील, गाडीत एक पोरगी आधीच बसलेली असेल. तिला द्या.

नारळ कुणाचा? शेवटपर्यंत कोण हसलं? ...कुणीच नाही? बरं. दत्तोबा, उचला पखवाज.