परातीतलं तांबूस पाणी

हॅलो?… हो, आत्ताच पोचले घरी. बाबांना ऑपरेशनला आत नेलं का गं?… अजून नाही? मग हळू बोल.

अगं ऐक ना… हो, बाबांचा उंटांच्या तिकिटांचा अल्बम मिळाला. पण ते जुन्या दस्तांवरचे रेव्हेन्यू स्टॅम्प, बाबांनी कागदासकट जपलेले… हो हो, तेच, वाळवंटातल्या उंटांच्या तांड्यांचं चित्र असलेले. आईने सकाळी सुटे करायला परातीत भिजत घातले.

अगं, पाण्यात! पोस्टाची तिकिटं बाबा भिजवूनच काढतात ना, जन्मभर तेच बघितलंय तिने. तिला काय माहीत या स्टॅम्पांची शाई पाण्यात उतरते… मुद्दामच तशी करायचे गं, कोणी धुऊन परत वापरू नयेत म्हणून… नाही, एकही नाही वाचला. सगळे कोरे. परातीत नुसतं तांबूस पाणी.

ए, तिच्यावर चिडू नकोस हं! ऑपरेशनआधी अल्बम पुरा करून त्यांच्या हातात द्यायचा होता तिला. डॉक्टर काय म्हणाले, ते तिनेही ऐकलंय ना… ओट्यापाशी उभी आहे. हात अजून त्या पाण्यातच.

काय? बाबा फोन मागतायत? नको गं, थांब, मी काय सांगू त्यां…

हॅलो, बाबा! हो, मिळाले की. समोरच आहेत माझ्या… सगळे, सगळे… बसलेला उंट? आहे ना! वर स्वार, डोक्याला फडकं… नाही? त्याच्यावर स्वार नाहीये?… अहो, चष्मा नाही लावलेला मी, म्हणून…

काय? पाण्यात घातले का?… हो, बाबा. भिजवले.

आईनेच. तुमच्यासाठी करायला गेली हो… नाही, काहीच नाही उरलं.

बाबा?… ओरडा हवं तर माझ्यावर…

काय?… आई? नाही, सकाळपासून काही खाल्लं नाही तिने… चहासुद्धा नाही… हो, देते करून. अहो, पण स्टॅम्पांचं…

बरं. बरं, नाही बोलत. फोन देते तिला.

आई, इकडे ये… असू देत हात ओले, ये. बाबा आहेत… अगं, रागावले नाहीत, तू घे तर खरं!

बाबा, ती नुसती रडतेय… काय, न्यायला आले? त्यांना म्हणावं दोन मिनिटं थांबा, फक्त दोन मिनिटं!… नाही, तिच्याच्याने बोलवणार नाही आता. तुम्हीच बोला. मी फोन तिच्या कानाला लावते.