तक्रार वगळून

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक गृहस्थ आणि त्यांची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी बसले होते. दाढ मुलीची काढायची होती. मी मासिक उघडून बसलो होतो, पण पान काही उलटत नव्हतो.

"आत जायच्या आधी प्रार्थना करूया का गं?"

"नको, पप्पा."

"चर्चच्या तरुण संघात अर्धा अर्धा तास डोळे मिटून बसतेस म्हणे. मग माझ्याबरोबरच काय होतं तुला?"

"तिथल्या ताई प्रार्थनेत माझी चहाडी करत नाहीत."

"मी कधी केली?"

"काल जेवायच्या आधी. 'प्रभू, काही लेकरं दहा-दहा वाजेपर्यंत लोळतात, त्यांना सुबुद्धी दे.' आपल्या घरात लेकरू एकच आहे, पप्पा."

"मी नाव कुठे घेतलं?"

"आणि परवा माझ्या मोबाइलबद्दल केलीत. तेव्हा तर एक डोळा उघडून बघत होतात माझ्याकडे."

"म्हणजे तुझेही उघडेच होते."

"मला सांगायचं ते मलाच सांगा ना!"

"तू ऐकत नाहीस, म्हणून वरपर्यंत न्यावं लागतं. बरं, आज तक्रार नाही. प्रभू, माझ्या लेकीला सांभाळ. आमेन."

"संपली?"

"तक्रारी काढल्यावर एवढीच उरली."

"थांबा, आता मी करते. डोळे मिटा. दोन्ही! प्रभू, दाढ माझी आहे, पण हात पप्पांचे थरथरताहेत. मी आत गेले की तू त्यांच्याजवळ बस."

"ही चहाडीच झाली की!"

"खोटी आहे का?"

"नाही."

"मग आमेन म्हणा."

"आमेन."